पीळ चुकला, स्वेटर नाही!

केबलच्या विणीत घोळ झाला की पहिला विचार येतो तो सगळं उसवून टाकायचा. जरा दम धरा. दुरुस्ती बहुतेक वेळा सहाच टाक्यांची असते!

मफलर झाला, टोपी झाली, कुणाकुणाच्या बाळंतविड्यातले इवलेसे मोजेही झाले. सुलट-उलट टाक्यांशी आता तुमची चांगलीच गट्टी जमलीये. त्यामुळे पुढची फर्माईश ओघानेच आली, ‘ते वेण्यावेण्यांचं कसं विणायचं?’ येणारच! २०१९ मध्ये ‘नाइव्ज आउट’ आला आणि खुनी कोण याच्या इतकीच चर्चा रंगली ख्रिस इव्हान्सच्या अंगातल्या क्रीम रंगाच्या केबल स्वेटरची. त्याच्या तीस वर्षं आधी, १९८९ मध्ये, ‘व्हेन हॅरी मेट सॅली’त बिली क्रिस्टलनेही असाच एक घातला होता. बाकीच्या फॅशन येतात-जातात, केबल मात्र टिकून आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो बहुधा हाच!

गंमत अशी, की केबल दिसते महाकठीण आणि विणायला निघते सोपी. चूक झाली की मात्र उलटा प्रकार. चूक असते एवढीशी आणि वाटतं, अख्खा स्वेटर वाया गेला. मग सुया लोकरीच्या गोळ्यात खुपसल्या जातात, पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते, तिथून माळ्यावर. कुणी विचारलंच तर ‘अगं, ऑफिसमधून वेळच मिळत नाही’ हे उत्तर तयार असतं. वेळेचा प्रश्न असतो, मान्य. पण बऱ्याचदा त्या पिशवीत एक उलटा पडलेला पीळ असतो आणि तो सुधारायचा कसा, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आजचा पूर्ण कॉलम चुकांच्या नावे.

आधी फंडा क्लिअर करू

केबल म्हणजे टाक्यांनी आपापल्या जागा बदलणं. बस्स, एवढंच. सहा टाक्यांची साधी केबल घ्या. पहिले तीन टाके एका छोट्या सुईवर काढून बाजूला ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे आणि मग बाजूला ठेवलेले तीन विणायचे. तीन-तीन टाक्यांचे दोन पेड एकमेकांवरून गेले, पीळ पडला. बाजूची सुई पुढे, म्हणजे तुमच्याकडे धरली तर वरचा पेड उजवीकडून डावीकडे चढतो. मागे धरली तर डावीकडून उजवीकडे.

मधल्या ओळींत काहीच डोकं लावायचं नसतं. पुढच्या बाजूने केबलचे टाके सुलट, आजूबाजूचे उलट. मागच्या बाजूने बरोब्बर विरुद्ध. पाच ओळी साध्या, सहाव्या ओळीला पीळ, पुन्हा पाच साध्या, असं चक्र चालू.

ती छोटी सुई ‘केबल नीडल’ म्हणून दुकानात मिळते. नाही मिळाली तर अंबाड्याची धातूची यू पिन घ्या. खरंच! केबल नीडलचा एक प्रकार अगदी तसाच इंग्रजी ‘यू’सारखा वाकवलेला असतो. आजीच्या पिनांच्या डबीत तुमचं निम्मं सामान आधीच पडलेलं आहे.

आता यातली मुद्द्याची गोष्ट बघा. पीळ पडतो तो फक्त एका ओळीत आणि फक्त सहा टाक्यांत. डावीकडच्या बाहीच्या बाजूला असलेल्या टाक्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे पीळ चुकला तर चूकही तेवढ्याच सहा टाक्यांच्या रांगेत राहते. उरलेलं विणकाम अगदी शहाण्यासारखं जिथल्या तिथे असतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मं टेन्शन गेलं.

चूक कुठली, ते आधी बघा

घाईघाईने सुई बाहेर ओढू नका. विणकाम टेबलावर सपाट पसरा आणि हातभर लांबून बघा. मोबाइलवर एक फोटो काढा. मांडीवर विणताना न दिसलेली भानगड फोटोत पटकन दिसते. केबलमध्ये नवशिक्यांच्या चुका साधारण पाच प्रकारच्या असतात:

उलटा पीळ. सुई पुढे धरायची ती मागे धरली गेली. सगळ्या वेण्या डावीकडे वळताहेत आणि मधलीच एक उजवीकडे. ओळखायचं कसं? प्रत्येक पिळात कुठला पेड वर आहे आणि तो कुठल्या बाजूला चढतोय, एवढंच बघा.

विसरलेला किंवा घाईचा पीळ. एके ठिकाणी वेणी लांबलचक सरळ दिसते, नाहीतर दोन पीळ एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. कारण एकच, ओळी मोजण्यात गडबड. पिळाच्या वर इंग्रजी ‘व्ही’सारखे दिसणारे टाके एकावर एक मोजा. प्रत्येक ‘व्ही’ म्हणजे एक ओळ, आपल्या आयांच्या भाषेत एक ‘सुई’.

सुटलेला टाका. सुईवर सहाऐवजी पाचच टाके आणि खाली एक शिडी दिसायला लागलेली.

सुलटच्या जागी उलट. पेडाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर मध्येच एक आडवी गाठ दिसते.

वाढलेला टाका. सहाचे सात झाले. बहुतेक वेळा धागा चुकून सुईवरून फिरलेला असतो, किंवा धाग्याचे पदर फाकून एकाच टाक्याचे दोन मोजले गेलेले असतात. दुसऱ्या प्रकारात उसवायलाही लागत नाही, फाकलेले पदर एकत्र घेतले की काम झालं.

त्याच ओळीत सापडली तर

लकी आहात! इथे सुई काढायचीसुद्धा गरज नाही. उजव्या सुईवरच्या टाक्याच्या बरोब्बर खालच्या टाक्यात डाव्या सुईचं टोक पुढून मागे घाला, टाका डाव्या सुईवर घ्या आणि धागा हळूच ओढून मोकळा करा. एक टाका उलगडला. असं एकेक करत मागे जायचं. इंग्रजीत याला ‘टिंक’ करणं म्हणतात. ‘निट’चं इंग्रजी स्पेलिंग उलटीकडून वाचा, कळेल!

पिळाशी पोचलात की सहाही टाके उलगडून होऊ द्या. मग अदलाबदल झालेले दोन पेड यू पिनच्या मदतीने मूळ जागी आणा, एकदा खात्री करा आणि नव्याने पीळ घाला. दोन मिनिटांचं काम.

आणि खाली राहून गेली तर?

खरी गंमत, किंवा खरी रडारड, इथे असते. चूक होऊन आठवडा उलटलेला असतो आणि वर दहा-वीस ओळी चढलेल्या असतात.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. गेल्या हिवाळ्यात तिने वडिलांसाठी स्वेटर विणायला घेतला. वडील नाशिकला असतात, रिटायर झाल्यापासून पहाटे फिरायला जातात आणि नाशिकची जानेवारीतली पहाट काय चीज आहे हे नाशिककरांनाच विचारा. संक्रांतीला नेऊन द्यायचा, असं तिने फोनवर कबूल करून टाकलं होतं. पाठ झाली. पुढचा भाग छातीपर्यंत आला. एका शनिवारी तिने तो पसरून बघितला तर मधल्या मोठ्या वेणीत एक पीळ उलटा! त्याच्यावर आणखी तीन पीळ पडून गेलेले. संक्रांतीला अकरा दिवस उरलेले.

तिने सरळ सुई काढायला हात घातला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू तेवढ्यात विरजण मागायला आल्या होत्या म्हणून वाचली. काकूंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, ‘अगं, वेणीतला एक पेड चुकला तर वेणी सोडतात, कोणी केस कापतं का?’

मग काकूंनी जे करून दाखवलं तो आजच्या कॉलमचा खरा माल. आधी साधा हिशेब करा. स्वेटरच्या पुढच्या भागात ११० टाके होते. चूक वीस ओळी खाली. सगळं उसवलं असतं तर ११० गुणिले २०, म्हणजे २,२०० टाके पुन्हा विणावे लागले असते. काकूंनी फक्त केबलचे सहा टाके वीस ओळी खाली सोडले. सहा गुणिले वीस, १२०. २,२०० विरुद्ध १२०!

तुम्हाला करायचं झालं तर असं करा:

१. पुढच्या बाजूने विणत केबलपर्यंत या आणि थांबा. आता डाव्या सुईच्या टोकाशी केबलचे सहा टाके आहेत. बाकीच्या टाक्यांना हात लावायचा नाही. सुयांच्या टोकांना रबर बँड गुंडाळून ठेवा, म्हणजे इतर टाके घसरणार नाहीत.

२. ते सहा टाके सुईवरून सोडा. (हो, छातीत धस्स होतं. होऊ दे.) एकेक ओळ हळूहळू उलगडत खाली जा. मागे धाग्यांच्या आडव्या पायऱ्या राहतील, शिडीसारख्या. वाटेतले पीळ आपोआप सुटत जातील. चुकलेला पीळ सुटला आणि दोन्ही पेड शेजारी-शेजारी सरळ दिसायला लागले की थांबा.

३. खाली उरलेले सहा मोकळे टाके दोन्हीकडे टोक असलेल्या छोट्या सुईवर घ्या. मोजे विणायला वापरतात ती सुई. टाका पिळवटून घेऊ नका; प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे, तुमच्याकडे यायला हवा.

४. आता सगळ्यात खालची पायरी धरा. तोच तुमचा धागा. या पायरीने पीळ घालायचा आहे, तेव्हा पहिले तीन टाके यू पिनवर, योग्य बाजूला. पुढचे तीन त्या पायरीच्या धाग्याने दुसऱ्या छोट्या सुईवर विणा, मग पिनवरचे तीन.

५. टाके सरकवून पुन्हा सुईच्या उजव्या टोकाला आणा आणि त्याच्या वरची पायरी घ्या. विणकाम उलटायचं नाही. तुम्ही सारखे पुढच्याच बाजूने आहात, म्हणून सगळ्या ओळी सुलट. उलट टाका एकही नाही!

६. पायऱ्यांचा क्रम चुकवू नका. मैत्रिणीच्या स्वेटरला वीस पायऱ्या होत्या, त्यांत पहिल्या, सातव्या, तेराव्या आणि एकोणिसाव्या पायरीला पीळ. काकूंनी कागदावर एक ते वीस आकडे लिहिले, पिळाच्या आकड्यांना गोल केले आणि एकेक पायरी झाली की आकडा खोडत गेल्या.

पूर्ण झाल्यावर केबलच्या कडेचे टाके सैल आणि मधले आवळलेले दिसतील. घाबरू नका. सुईच्या टोकाने सैल टाक्यातला धागा शेजारच्या टाक्यात, तिथून पुढच्यात असा सरकवत न्या. उरलेला उंचसखलपणा पहिल्या धुण्यात बराच बसतो. हे खऱ्या लोकरीबद्दल. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते. तिच्यात धुण्याने एवढा फरक पडत नाही, त्यामुळे हातानेच नीट करून घ्या. आणि इस्त्री फिरवून सपाट करायचा मोह तर अजिबात नको. ॲक्रिलिक गरम इस्त्रीने कायमचं लोळागोळा होतं.

एक सावधगिरी. उलटा पीळ सुलट करताना धागा पुरतो, कारण पिळाला लागणारा जास्तीचा धागा त्या पायरीत आधीच आहे. पण पीळ घालायलाच विसरला असाल तर ती पायरी तोकडी असते. तिथे नवा पीळ घातला की टाके आवळतात. अशा वेळी वरच्या-खालच्या ओळीतून थोडा धागा ओढून घ्यावा लागतो. तो पीळ चार-पाच टाक्यांपेक्षा रुंद असेल तर मात्र सरळ सगळ्या ओळी उसवलेल्या बऱ्या.

छोट्या चुकांना छोटी शिडी

सहा टाके सोडायची गरज प्रत्येक वेळी नसते. सुलटच्या जागी उलट पडलाय? तेवढ्या एकाच टाक्याची रांग खाली सोडा आणि क्रोशाच्या सुईने वर चढवा. सुई टाक्यात पुढून घालायची, मागची पायरी पकडायची, टाक्यातून बाहेर ओढायची. झाला सुलट टाका. पुढची पायरी. उलट टाक्यांच्या रांगेत चूक असेल तर विणकाम फिरवून मागच्या बाजूने हेच करा.

सुटलेल्या टाक्याचा इलाजही हाच. पण पहिलं काम, दिसेल त्या क्षणी त्यात सेफ्टी पिन अडकवा. मग चहा प्यायला गेलात तरी चालेल. शिडी पिळाखालून गेली असेल तर टाका कुठल्या पेडाचा आहे ते शोधा आणि त्याच पेडाच्या मागोमाग वर या. खरी लोकर इथे मदतीला येते. तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे सुटलेला टाका हळू घसरतो. ॲक्रिलिक आणि सुती धागा गुळगुळीत, तो भराभर खाली पळतो.

कात्री लावायची वेळ आली तर

स्वेटर पूर्ण झाला, शिवून झाला आणि मग खालच्या काठाजवळ उलटा पीळ दिसला. आता साठ-सत्तर ओळी कोण सोडणार? अशा वेळी अनुभवी मंडळी चक्क कात्री लावतात. चुकून वर आलेल्या पेडाच्या मधोमध एका टाक्याचा धागा कापायचा, त्या ओळीतले तीन टाके दोन्हीकडे उलगडायचे. पेडाचे वर तीन आणि खाली तीन मोकळे टाके राहतात. ते दुसऱ्या पेडाच्या मागे न्यायचे आणि नव्या धाग्याने, जाड सुईने, टाक्यासारखाच टाका घालून जोडायचे. याला ‘ग्राफ्टिंग’ म्हणतात. जमलं तर जादू. पण पहिल्यांदा करताना स्वेटरवर करू नका, नमुन्याच्या तुकड्यावर करा. ऑपरेशन थिएटरमध्ये शिकाऊ डॉक्टरला एकटं सोडत नाहीत!

आणि सोडून द्यायची चूक

आता थोडा इतिहास. केबलच्या स्वेटरला जगभर ‘अरन स्वेटर’ म्हणतात, ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या अरन बेटांवरून. इनिशमोर, इनिशमान आणि इनिशियर अशी ही तीन बेटं. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याची ओळख त्याच्या स्वेटरच्या विणीवरून पटायची, ही कथा तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. छान आहे, पण तिला पुरावा नाही. आज आपण ओळखतो तसा अरन स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडत गेला. तिथल्या बायकांसाठी तो घर चालवायचा एक मार्गही झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लॅन्सी ब्रदर्स हे आयरिश गायक तो घालून अमेरिकेत गायला लागले आणि त्याची हवा झाली.

मग ती कथा आली कुठून? तिचा एक धागा जातो जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ मधल्या एकांकिकेपर्यंत. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते खरी, पण स्वेटरवरून नाही, मोज्यावरून. आणि घराण्याच्या विणीवरूनही नाही. तो मोजा तिनेच विणलेला असतो. आपण किती टाके घातले होते आणि त्यांतले चार कसे सोडले होते, हे तिला पाठ असतं. ती टाके मोजते आणि तिला कळतं.

नाटकातला प्रसंग काळीज चिरणारा आहे. विणणाऱ्यांसाठी त्यात एक साधी गोष्टही आहे. आपण विणलेल्या वस्तूत कुठे काय झालंय, हे विणणारीला माहीत असतं. इतरांना ते दिसत नाही.

मैत्रिणीच्या वडिलांचा स्वेटर वेळेत झाला. नाशिकला जायच्या आदल्या रात्री तिला पाठीच्या भागात, काठाजवळ, आणखी एक पीळ चुकलेला सापडला. काकूंना दाखवला. काकू म्हणाल्या, ‘राहू दे आता, नाकापेक्षा मोती जड होईल.’ तिला राहवेना. तिने तिळगूळ देताना वडिलांना तो पीळ बोटाने दाखवला. वडिलांनी चष्मा लावला, स्वेटर खिडकीपाशी नेला, उलटापालटा केला आणि विचारलं, ‘कुठला?’ तेव्हापासून तो स्वेटर रोज पहाटे फिरायला जातो.

तेव्हा चूक दिसली की स्वतःला तीन प्रश्न विचारा. ती हातभर अंतरावरून दिसते का? ती पुढे वाढत जाणार आहे का? सुटलेला टाका आणि वाढलेला टाका वाढत जातात, ते सुधारायलाच हवेत. उलटा पीळ आहे तिथेच राहतो. आणि तिसरा प्रश्न, तो पीळ रोज बघून तुम्हाला त्रास होणार आहे का? होणार असेल तर सुधारा. इथे बाकी कुणाचं मत धरायचं नाही.

इन्शुरन्स काढून ठेवा

चूक होणारच. ती स्वस्तात कशी निपटेल, याची सोय आधी करता येते.

पहिली सोय, जीवनदोरी. दर एक-दोन पिळांनंतर साध्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून एक पातळ, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. दात साफ करायचा फ्लॉस यासाठी झक्कास! पुढे कधी सगळंच उसवायची वेळ आली तर विणकाम त्या दोऱ्यापाशी येऊन थांबेल आणि टाके सुईवर परत घेणं सोपं जाईल. दोरा पिळाच्या ओळीत मात्र घालू नका, तिथे टाके एकमेकांवर चढलेले असतात.

दुसरी सोय, रंग. पहिली केबल क्रीम, फिकट निळा, फिकट राखाडी असल्या रंगांत विणा. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत, आणि रात्री नऊनंतर ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाहीत.

तिसरी, मोजणी. प्रत्येक पिळानंतर सहा टाके मोजा. पाच सेकंद लागतात. ओळींचा हिशेब डोक्यात ठेवू नका, कागदावर रेघा मारा. वेब सीरिज बघत बघत विणायचं असेल तर निदान पिळाच्या ओळीला पॉज करा. हिरोइन कुठे पळून जात नाहीये!

या वीकेंडचा होमवर्क

आठ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया आणि फिकट रंगाची मध्यम जाडीची लोकर घ्या. १४ टाके घाला. पुढची ओळ: ४ उलट, ६ सुलट, ४ उलट. मागची ओळ: ४ सुलट, ६ उलट, ४ सुलट. पाचव्या ओळीला यू पिन पुढे धरून पीळ घाला. अकराव्या ओळीला मुद्दाम पिन मागे धरा. सतराव्याला पुन्हा पुढे. आणखी एक ओळ मागच्या बाजूने विणा.

आता तुमच्यासमोर एक चुकलेली केबल आहे. अठरा ओळी विणल्यात, चूक अकराव्या ओळीत. म्हणजे आठ पायऱ्या खाली जायचं आणि पहिल्या आणि सातव्या पायरीला पीळ घालत वर यायचं. एकोणिसावी ओळ केबलपर्यंत विणा, सहा टाके सोडा आणि सुरू करा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, दुसऱ्यांदा पंधरा मिनिटं. हा तुकडा कुणाला द्यायचा नाहीये, त्यामुळे बिघडला तर बिघडू दे. हात मात्र शिकून बसतील. पुढे खऱ्या स्वेटरमध्ये कधी पीळ उलटा पडला, तर पिशवी माळ्यावर टाकायच्या आधी तेच हात आपोआप यू पिन शोधतील.

माळ्यावर आधीच एखादी पिशवी पडून असेल, तर होमवर्क झाल्यावर तीही खाली काढा. पसरा, लांबून बघा, टाके मोजा. बहुतेक वेळा तिथेही सहाच टाके अडलेले असतात.

पुढच्या अंकात बाह्या. एक लांब, एक आखूड का होते, त्याचा छडा लावू. तोपर्यंत, मनसोक्त चुकवा!